पिस्गाच्या जंगलात टेंट कुठे लावायचा

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात कॅरी किंवा शार्लटहून पश्चिमेला गाडी काढली की ॲशव्हिल शहराच्या अलीकडे-पलीकडे पिस्गा नॅशनल फॉरेस्ट पसरलंय. पाच लाख एकरांहून मोठं जंगल, आणि त्याच्या बऱ्याच भागात रात्री टेंट लावायला आरक्षण लागत नाही, पैसेही लागत नाहीत. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. ठरलेली जागा नाही, नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही.

सह्याद्रीत मुक्काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटतं, आणि फसगत तिथेच होते. आपल्याकडे गडावर पाण्याचं टाकं असतं, गुहा असते, देवळाची ओसरी असते, खालच्या वाडीत पिठलं-भाकरी सांगून ठेवता येते. पावसाळा सोडला तर रात्री आभाळ फुटायची भीती नसते. पिस्गात यातलं काहीच नाही. इथे टेंट लावलेली जागा हाच तुमचा गड. ती चुकली तर महागातली स्लीपिंग बॅगसुद्धा रात्र काढून देत नाही. म्हणून या पोस्टमध्ये खरेदीबद्दल कमी आणि जागेबद्दल जास्त लिहिलंय.

आधी कायदा. नॅशनल फॉरेस्ट आणि नॅशनल पार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉरेस्ट कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे, पार्क गृहखात्याच्या पार्क सर्व्हिसकडे (इथलं गृहखातं म्हणजे पोलिसांचं नव्हे, जमिनी आणि खाणी सांभाळणारं). शेजारच्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये आतल्या कॅम्पसाइटवर राहायला परवाना लागतो, माणशी पैसे पडतात आणि जागा नेमून दिलेली असते. पिस्गाच्या मधून जाणारा ब्लू रिज पार्कवेसुद्धा पार्क सर्व्हिसचाच, त्याच्या पट्ट्यात ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर टेंट लावता येत नाही. म्हणजे रस्त्याच्या एका वळणावर मुभा आणि पुढच्या वळणावर दंड. हद्द नकाशावर बघूनच पुढे जायचं.

पिस्गातला मुख्य नियम हा: वाहनांच्या रस्त्यापासून निदान १,००० फूट, म्हणजे साधारण ३०० मीटर आत. अपवाद फक्त तपकिरी खांबावर टेंटचं चिन्ह असलेल्या जागांचा. रस्त्याकडेच्या अशा काही जागा आता रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर पैसे भरून आरक्षित कराव्या लागतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. एका ठिकाणी मुक्काम साधारणपणे १४ दिवसांपर्यंत. शायनिंग रॉकसारख्या विल्डरनेस, म्हणजे कायद्याने जास्त कडक राखलेल्या, भागात एका गटात जास्तीत जास्त १० जण, शेकोटीला बंदी, आणि ट्रेलवर रंगाच्या खुणाही नाहीत. नकाशा वाचता येत नसेल तर पहिल्या खेपेला तिथे जाऊ नका.

३०० मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण पिस्गात उतार तीव्र आणि खाली रोडोडेंड्रॉन नावाच्या झुडपांची जाळी, इतकी दाट की तीत सॅक घेऊन शिरलं तर अर्ध्या तासात शंभर मीटरही होत नाहीत. इथले जुने लोक तिला ‘लॉरेल हेल’ म्हणतात ते उगीच नाही. त्यामुळे रस्त्यापासून सरळ आत घुसायचा विचार सोडा. ट्रेलने ३०० मीटरच्या पुढे चालत जा आणि मग ट्रेलपासून बाजूला जागा शोधा.

जागा घरी, नकाशावरच शोधायला सुरुवात करायची. यूएसजीएसच्या (सरकारी भूसर्वेक्षण संस्थेच्या) नकाशावर या डोंगरांत समोच्च रेषा ४० फुटांच्या अंतराने असतात. जिथे या रेषा एकदम विरळ होतात तिथे सपाटी. ती तीन ठिकाणी मिळते: ओढ्याकाठी, खिंडीत आणि डोंगराच्या पदरात, म्हणजे उतारावरच्या सपाट पट्टीवर. पहिली दोन डोळ्यांत भरतात, तिसरी सगळ्यांत चांगली असते.

ओढ्याकाठी पाणी जवळ, आवाज छान, फोटो उत्तम. पण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि घळीत साचते. वरच्या पदरापेक्षा ओढ्याकाठचं तापमान पहाटे सहज काही अंशांनी कमी असतं, दमटपणा वेगळाच. टेंटच्या आतल्या बाजूला इतकं दव धरतं की पाऊस न पडताच बॅग ओली होते. शिवाय ओढा चढतो. इथल्या ट्रान्सिल्व्हेनिया काउंटीच्या काही भागांत वर्षाला ८० इंचांच्या वर पाऊस पडतो, म्हणजे दोन हजार मिलिमीटरच्या पुढे. महाबळेश्वरच्या मानाने हे काहीच नाही असं वाटेल, पण तिकडचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि इकडचा बारा महिन्यांत वाटलेला असतो. ‘डिसेंबर आहे, कोरडं असेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

खिंडीत वारा. दोन्ही बाजूंनी कोंडलेली हवा तिथूनच पार होते. आधीच्या लोकांनी टेंट लावून जमीन गुळगुळीत केलेली असते, म्हणून मोह होतो. शांत रात्री ठीक आहे, पण वाऱ्याचा अंदाज ताशी २० मैलांच्या वर असेल तर खिंड सोडून सोंडेच्या आडोशाला खाली उतरा.

राहिला पदर. पिस्गात असे पदर भरपूर आहेत, आणि त्यातले कितीतरी माणसाने केलेले आहेत. हे जंगल अस्पर्श नाही. १९११ च्या वीक्स कायद्याने केंद्र सरकारला पूर्वेकडच्या खासगी जंगलजमिनी विकत घेता येऊ लागल्या. १९१४ मध्ये ॲशव्हिलजवळचे धनाढ्य जमीनदार जॉर्ज व्हँडरबिल्ट यांच्या पत्नी एडिथ यांनी ८६ हजार एकरांहून जास्त जंगल सरकारला विकलं, आणि १९१६ मध्ये पिस्गा नॅशनल फॉरेस्ट झालं. त्या काळात इथली झाडं सपाटून तोडली जात होती आणि लाकूड ओढायला डोंगराच्या कडेकडेने रस्ते आणि छोट्या रेल्वेच्या वाटा काढल्या होत्या. रूळ गेले, सपाट पट्ट्या राहिल्या. त्यांवर आता ट्यूलिप पॉप्लर आणि ओक उभे आहेत. नकाशावर एकाच उंचीने लांबवर जाणारी तुटक वाट दिसली की तिच्या आसपास टेंटपुरती सपाटी बहुधा मिळते. मात्र चालती वाट असेल तर तिच्यावरच टेंट लावायचा नाही. रात्री अस्वलांनाही तीच वाट सोयीची असते.

जागेवर पोहोचल्यावर सॅक खाली ठेवायच्या आधी मान वर करा. या जंगलात मेलेली उभी झाडं फार आहेत. आशियातून आलेल्या हेमलॉक वूली ॲडेल्जिड नावाच्या मावासारख्या किडीने इथल्या हेमलॉक या सूचिपर्णी झाडांचा फडशा पाडलाय. जिवंत फांदी उलटी करून बघितली तर पानांच्या मुळाशी कापसाचे बारीक पांढरे ठिपके दिसतात, तीच ती. मेलेलं हेमलॉक राखाडी, साल सुटलेलं, सुयांशिवाय उभं असतं, आणि हेमलॉक ओढ्याकाठीच जास्त वाढतात. म्हणजे हौशी कॅम्पर नेमके त्यांच्याखाली झोपतात. त्यात २०२४ च्या सप्टेंबरअखेर आलेल्या हेलीन वादळाने हजारो झाडं आडवी केली, कित्येक अर्धवट कलून दुसऱ्यांच्या फांद्यांत अडकून राहिली. अशी झाडं पडायला वारा लागतोच असं नाही, पावसाने माती भिजली तरी पुरतं. नियम सोपा आहे: मेलेल्या किंवा कललेल्या झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतराच्या आत टेंट लावायचा नाही. हेलीनमध्ये रस्ते आणि पूलही वाहून गेले, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फॉरेस्ट सर्व्हिसच्या साइटवर बंद रस्त्यांची यादी बघा आणि रेंजर स्टेशनला फोन करा. गाडी कुठल्या रस्त्यावर नेता येते हे मोटर व्हेइकल यूज मॅप नावाच्या फुकट नकाशात असतं. तो फोनवर उतरवून घ्या, कारण ब्रेव्हर्ड गाव सोडून आत शिरलं की नेटवर्क संपतं.

वर बघून झालं की खाली बघा. आधी खूप वापरलेली जागा मध्ये खोलगट होते आणि माती दगडासारखी घट्ट होते. पावसात तिथे ताट भरल्यासारखं पाणी साचतं. ओळखायचं कसं? पानं आणि काड्या एका गोलात गोळा झालेल्या दिसतात, कारण मागच्या पावसाने त्या तिथे आणून टाकलेल्या असतात. टेंट त्या गोलाच्या बाहेर, किंचित उतारावर, डोकं वरच्या बाजूला. टेंटभोवती चर खणायची आपली सवय इथे मोडायची. मुळं तुटतात, माती वाहून जाते, आणि जागा नीट निवडली तर चराची गरजच पडत नाही. टेंटखाली घालायचं प्लास्टिक तळापेक्षा दोन इंच आत दुमडलेलं हवं. ते बाहेर डोकावलं तर वरून पडणारं पाणी झेलून बरोबर तुमच्या पाठीखाली आणून सोडतं. ‘टेंट गळतो’ या तक्रारींमागे पुष्कळदा हेच निघतं.

पाण्यापासून आणि ट्रेलपासून २०० फूट दूर, म्हणजे मोठ्या माणसाची ७०-८० पावलं. मोजायची, अंदाजाने नाही.

आता अस्वल. पिस्गात काळी अस्वलं आहेत, त्यांना माणसात रस नाही, जेवणात आहे. शायनिंग रॉक, ब्लॅक बाल्सम, सॅम नॉब आणि फ्लॅट लॉरेल क्रीक या भागांत मुक्कामाला बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला न उघडणारा कडक प्लास्टिकचा डबा, सक्तीचा आहे. बाकी ठिकाणी पिशवी टांगली तरी चालते, पण आमचं मत स्पष्ट आहे: सगळीकडे डबाच न्या. टांगायचं तर पिशवी जमिनीपासून १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट लांब हवी. त्यासाठी २० फुटांवर आडवी, जिवंत, मनगटाएवढी फांदी पाहिजे. इथल्या उंच पॉप्लरला पहिली फांदीच ४० फुटांवर असते आणि रोडोडेंड्रॉनची फांदी डोक्याच्याही खाली. अंधारात दोरीला दगड बांधून फेकणाऱ्याच्या डोक्यावर तो दगड परत येतो, एवढंच निष्पन्न. तरी टांगायचंच असेल तर उजेडात, टेंट लावायच्याही आधी, ५० फूट गुळगुळीत दोरी घेऊन. खडबडीत दोरी फांदीच्या सालीत रुतते आणि सकाळी पिशवी वरच राहते.

साडेअकरा लिटरच्या डब्यात दोघांचं तीन दिवसांचं जेवण बसतं, पण मराठी स्वयंपाकघराचं सामान निवडून न्यावं लागतं. चिवडा म्हणजे निम्मी हवा. पोहेही जागा खातात. त्याऐवजी दाण्या-गुळाचे लाडू घट्ट वळून, मेतकूट, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं तयार मिश्रण, पिठल्यासाठी मसाला घालून भाजलेलं बेसन. पुड्या चपट्या करून, हवा काढून, डब्याच्या भिंतीला लावून भरायच्या. अस्वलाच्या नाकापुढे हिंग आणि गोडा मसाला म्हणजे भोंगा वाजवल्यासारखं. हिंगाची डबी, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, व्हिक्स, केसांचं तेल, खिशातली बडीशेपेची पुडी, औषधं आणि दिवसभराचा कचरा, सगळं रात्री डब्यात. पहिल्या रात्री न मावणारं सामान हमखास हेच असतं, म्हणून घरी एकदा भरून बघा. रात्री डबा टेंटपासून निदान ७० पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, झुडपाच्या बेचक्यात ठेवायचा. कड्याच्या टोकाशी किंवा ओढ्याच्या वर नाही. अस्वल तो उघडू शकत नाही, पण ढकलत ढकलत खाली घालवू शकतं, आणि मग शोधत तुम्ही.

चूलही टेंटपासून तितकीच लांब. फोडणी नकोच. पाच हजार फुटांवर पाणी साधारण ९५ अंश सेल्सिअसला उकळतं, तुरीची डाळ तिथे तासभरही शिजत नाही आणि गॅस संपतो. आडोशाला एक लिटर पाणी उकळायला ८ ते १० ग्रॅम गॅस लागतो, उघड्या वाऱ्यात दुपटीनेही. म्हणजे ११० ग्रॅमच्या छोट्या सिलिंडरवर दोघांच्या दोन रात्री निघतात, पण केवळ उकळायचं असेल तर. पातेलं उतरवून, झाकण ठेवून जॅकेटमध्ये दहा मिनिटं गुंडाळलं की उपमा छान फुलतो. भांडी खरवडून पुसून घ्या, धुवण गाळून गाळ कचऱ्यात, पाणी लांब शिंपडून द्या. उरलेला भात ‘पाखरं खातील’ म्हणून टाकू नका. तो पुढच्या माणसाच्या टेंटजवळ अस्वलाला घेऊन येतो.

पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी गाळून. जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म जीव डोळ्यांना दिसत नाही, पोट मात्र कित्येक आठवडे आठवण ठेवतं. ०.१ मायक्रॉनचा पोकळ धाग्यांचा फिल्टर पुरेसा आहे, पण तो एकदा वापरल्यावर गोठू द्यायचा नाही. आतलं पाणी गोठून धागे फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, पाणी पहिल्यासारखंच येत राहतं. थंडीत तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायांशी ठेवा. उकळायचं तर एक मिनिट खळखळ उकळी, साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटं. पदरावर मुक्काम म्हणजे पाणी खालून वाहून न्यायचं. संध्याकाळ-सकाळ मिळून माणशी चार लिटर धरा.

संडासाचं कुणी नीट सांगत नाही. पाणी, ट्रेल आणि टेंट, तिन्हीपासून २०० फूट दूर, ६ ते ८ इंच खोल, चार-सहा इंच रुंद खड्डा. इथली जमीन मुळांनी विणलेली, प्लास्टिकचं खुरपं वाकतं, धातूचं न्या. खोली महत्त्वाची का, तर वरच्या काळ्या थरातच कुजवणारे जीव असतात. फार खोल गेलात तर कुजत नाही, उथळ ठेवलात तर रात्री प्राणी उकरतात. आपल्याला पाणी वापरायची सवय आहे, तिचा इथे फायदाच. झाकणाला बारीक भोक पाडलेली अर्ध्या लिटरची बाटली पुरते आणि कागदाचा प्रश्न मिटतो. कागद वापरला तर तो पिशवीत परत. वेट वाइप्स कुजत नाहीत, ते कधीच पुरायचे नाहीत.

थंडीचा हिशेब आकड्यांत करा. ॲशव्हिल २,१०० फुटांवर, ब्लॅक बाल्समची धार ६,००० च्या वर. दर हजार फुटांना साधारण साडेतीन अंश फॅरनहाइट उतरतात. शहरात रात्रीचं ४५ दाखवत असेल तर धारेवर ३१ धरा, वर वारा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशावर नेमका तुमचा डोंगर टिचकवला की त्या उंचीचा अंदाज मिळतो, शहराचा बघू नका. स्लीपिंग बॅगवरच्या तापमानाच्या दोन आकड्यांपैकी ‘कम्फर्ट’ बघायचा, ‘लिमिट’ नाही. आणि कॅरीमॅटवर कंजूषी नको. ऑक्टोबरमध्ये जमीनच अंगातली ऊब ओढते, तीन-चार आर-व्हॅल्यूची (थंडी किती अडते त्याचा आकडा) मॅट लागते. सुती कपडे गाडीत ठेवा.

शेकोटीची आम्हाला फारशी ओढ नाही. करायचीच तर आधीच्या दगडांच्या गोलात, जमिनीवर पडलेल्या, मनगटापेक्षा बारीक सुक्या लाकडांची. घरून लाकूड आणू नका, त्यातून किडी नव्या जंगलात जातात आणि हेमलॉकचं काय झालं ते वर आलंच आहे. विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, हाताची मागची बाजू लावून बघा. ऊब लागली तर विझलेली नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मार्च ते मे हे इथले वणव्याचे दिवस, तेव्हा कधीकधी शेकोटीबंदी असते.

शरदात शिकारीचे हंगामही असतात, नॅशनल फॉरेस्टमध्ये शिकार कायदेशीर आहे. अंगावर आणि सॅकवर भडक नारिंगी कापड ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमिनीतल्या यलोजॅकेट गांधीलमाश्यांपासून सांभाळा. खुंट्या ठोकण्यापूर्वी दोन मिनिटं शांत उभं राहून बघा, एखाद्या भोकातून ये-जा दिसली तर जागा बदला. पॉइझन आयव्ही ओळखायला मराठी माणसाला सोपी: पळसाला पाने तीनच, तशीच हिलाही, मधल्या पानाचा देठ लांब. हात लावायचा नाही. टिक्ससाठी (गोचिडांसाठी) पँट मोज्यात खोचा आणि झोपण्यापूर्वी गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी तपासा.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला गेलात तर रात्री नऊनंतर टॉर्च बंद ठेवा. इथले ‘ब्लू घोस्ट’ काजवे आपल्यासारखे लुकलुकत नाहीत. फिकट निळसर ठिपका जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून न विझता हळूहळू सरकत जातो. ते जमिनीलगतच्या पालापाचोळ्यात वाढतात, म्हणून वाट सोडून तुडवत हिंडायचं नाही.

निघताना खुंट्या मोजा. दबलेली पानं पायाने उसकटून जागा पूर्ववत करा. ओला टेंट घरी आल्यावर तसाच पिशवीत ठेवलात तर दोन-तीन दिवसांत आंबूस वास येऊन आतल्या लेपाला बुरशी धरते. थकून आलात तरी आधी बाथरूमच्या दांडीवर तो पसरा, अंघोळ नंतर.